विहिरीकाठचा ड्रम

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी काढली, तर शहरात घर आणि गावाकडे थोडी शेती असलेलं नाव दर दोन-तीन ओळींनी सापडेल. कुणाची कडोलीकडे भाजी, कुणाचं येळ्ळूरला भात, कुणाचा चिकोडी-निपाणी भागात ऊस. आपण नोकरीनिमित्त बेळगावात, पुण्यात नाहीतर बेंगळुरूत असतो. शेत काका बघतात, भाऊ बघतो किंवा वाटेकरी. वर्षातून चार-सहा वेळा आपण जातो, ओला हरभरा खातो, मे महिन्यात मुलांना भोपळा बांधून विहिरीत सोडतो आणि येताना "असलं पाणी शहरात कुठं मिळतंय" म्हणत दोन कॅन गाडीत भरून आणतो.

त्या विहिरीच्या काठावर बहुतेक ठिकाणी एक निळा ड्रम असतो. फवारणीच्या दिवशी औषध त्यातच कालवतात. मोटारीचा पाइप ड्रममध्ये सोडायचा, पुडी फोडायची, बाटलीच्या टोपणानं मोजून औषध ओतायचं, काठीनं ढवळायचं आणि पंप भरून पाठीवर घ्यायचा. संध्याकाळी तोच पंप तिथंच धुवायचा. विहिरीकाठीच का, तर पाणी तिथं आहे म्हणून. इतकं साधं कारण आहे. तुमच्या शेतात ही जागा कुठली, ते ओळखायला कुणाला विचारायलाही नको: विहिरीच्या आसपास जिथं गवत उगवत नाही, ती जागा.

शेतीच्या रसायनांमुळे पाणी खराब होतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सबंध रान येतं. एवढ्या एकरांवर फवारणी, तीही सगळ्या गावानं केलेली, मग आपण एकटे काय करणार, असं म्हणून विषय संपतो. पण युरोपात ओढ्या-नद्यांच्या पाण्यात कीटकनाशकं येतात कुठून याचा माग काढला गेला, तेव्हा अनेक पाणलोटांत निम्म्याहून अधिक भाग औषध कालवण्याच्या, सांडण्याच्या आणि पंप धुण्याच्या जागांवरून आलेला आढळला. म्हणजे हजारो एकरांतून कमी आणि घरामागच्या, गोठ्यालगतच्या काही चौरस फुटांतून जास्त.

थोडा विचार केला तर हे पटतं. पिकावर फवारलेलं औषध पातळ असतं आणि पसरलेलं असतं. ते पानावर राहतं, उन्हात काही विघटित होतं, जे मातीवर पडतं त्याला वरच्या वीतभर थरातले जिवाणू हळूहळू खातात. हा वरचा थर म्हणजे शेताचं पोटच आहे, सेंद्रिय पदार्थ आणि जिवाणू तिथंच सगळ्यात जास्त. विहिरीकाठी मात्र दाबून घट्ट झालेला मुरूम असतो. त्यावर तेच औषध, बाटलीतलं घट्ट स्वरूपातलं, वर्षानुवर्षं त्याच जागी सांडतं. त्याला पचवायला तिथं काही नाही, आणि बांधकामाच्या फटीतून खाली जायला वाट मात्र आहे. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, त्यात पाणी धरतात ते सांधे आणि भेगा. पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूला वर जांभा, तो तर जाळीदारच. पूर्वेची काळी माती उन्हाळ्यात इतकी फाटते की वळवाचं पाणी गाळून न घेता थेट खाली जातं. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी लगेच चढतं याचं आपल्याला कौतुक असतं; ते ज्या वाटेनं येतं, त्याच वाटेनं बाकीचंही येतं.

दोन ग्रॅमचं गणित

मी संगणकवाला माणूस, आकड्यांशिवाय समाधान होत नाही. म्हणून आमच्या विहिरीचा हिशोब मांडला. पाच मीटर व्यास, उन्हाळ्याच्या तोंडाला चार मीटर पाणी. म्हणजे सुमारे ७८,५०० लिटर.

आता अ‍ॅट्राझिन घेऊ. मका आणि उसात तणासाठी वापरलं जाणारं हे जुनं, स्वस्त औषध. दुकानात मिळणाऱ्या पावडरीत मूळ औषध ५० टक्के असतं, म्हणजे दोन ग्रॅम पावडरीत एक ग्रॅम. चहाच्या चमच्यात मावेल एवढं. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस १०५००, अ‍ॅट्राझिनला लिटरमागे दोन मायक्रोग्रॅमची मर्यादा घालतं. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. ते आमच्या सबंध विहिरीत विरघळलं तर लिटरमागे जवळपास पावणेतेरा मायक्रोग्रॅम होतात, मर्यादेच्या सहापटीहून जास्त. पुडी फोडताना वाऱ्यानं उडणारी पावडर दोन ग्रॅम सहज असते. सांडलेलं सगळंच विहिरीत पोचत नाही आणि उपसा चालू असला की पाणी बदलतही राहतं, हे मान्य. पण सांडणंही एकदाच होत नाही.

युरोपीय संघाची मर्यादा याहून कडक आहे. कुठलंही एक कीटकनाशक असो, लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम. त्या हिशोबानं एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्याला पुरतं. अ‍ॅट्राझिन भूजलात सारखं सापडत राहिलं म्हणून युरोपीय संघानं २००३-०४ च्या सुमारास त्याची मान्यताच काढून घेतली. जर्मनीनं तर १९९१ सालीच ते बंद केलं होतं, आणि तरी वीस वर्षांनंतरही तिथल्या भूजलात त्याचे अंश मिळत होते. वरच्या मातीत जे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोडतं, ते एकदा खाली अंधारात, गार पाण्यात, जिवाणू नसलेल्या ठिकाणी गेलं की तसंच पडून राहतं. विहीर उपसून गाळ काढता येतो. भूजल उपसून धुता येत नाही.

इथं डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल सांगायला हवं. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग कीटकनाशक नियमांनी ठरवून दिले आहेत. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. बरेच शेतकरी तो बघतात, "हिरवा आहे, काही होत नाही" म्हणतात. त्रिकोणाचा रंग ठरतो तो औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर एका वेळी किती मात्रेनं जीव जातो, यावर. हाताळणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं ती माहिती मोलाची आहेच. पण ते औषध मातीला चिकटून राहतं की पाण्याबरोबर खाली सरकतं, किती दिवस टिकतं, यातलं काहीही त्या रंगातून कळत नाही. क्लोरपायरीफॉस हाताळायला अ‍ॅट्राझिनपेक्षा जास्त धोक्याचं, पण ते मातीला घट्ट धरून बसतं. वाहतं ते मातीबरोबर, धूप झाली की. अ‍ॅट्राझिन मातीला तेवढं धरत नाही आणि पाण्यासोबत मुरतं. दोघांची वाट वेगळी.

हे सगळं सोबतच्या घडीपत्रकात बरंचसं असतं. पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेत द्यायचा नियमच आहे. आपल्या सीमाभागात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो, पण हे पत्रक कुठल्याच भाषेत कुणी उघडत नाही. अक्षर मुंगीएवढं, ही अडचण खरी आहे. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचायचा. हे काम शहरातून आलेल्या भाच्या-पुतण्यांनी करण्यासारखं आहे, जेवणानंतर पंधरा मिनिटांत होतं.

वीज गेली की पाणी उलटं जातं

या विषयात मला सगळ्यात चकित केलं ते पुढच्या प्रकारानं. पाइपचं तोंड ड्रमच्या पाण्यात बुडालेलं आहे. ड्रममध्ये औषध आधीच घातलंय, कारण पाण्याच्या धारेनं ते आपोआप ढवळलं जातं. आणि तेवढ्यात थ्री-फेज जाते. मोटार थांबते, पाइपातलं पाणी आपल्या वजनानं मागे विहिरीत कोसळतं आणि त्याच्या ओढीनं ड्रममधलं औषधाचं पाणीही पाइपातून उलटं चालू लागतं. ट्रकच्या टाकीतून नळीनं डिझेल काढतात, तीच क्रिया. दोनशे लिटरच्या ड्रममधलं निम्मं पाणी काही मिनिटांत विहिरीत जाऊ शकतं. इथं दोन ग्रॅमचा प्रश्नच उरत नाही, सबंध पुडीचा होतो.

खाली फूट व्हॉल्व्ह असतो, तो हे अडवायलाच असतो. पण मोटार चालू करताना दर वेळी पाइपात पाणी ओतावं लागत असेल, तर तुमचा फूट व्हॉल्व्ह गळतोय आणि हे उलटं जाणं तुमच्याकडे होऊ शकतं. बोअरच्या सबमर्सिबलमध्येही एकाच दिशेनं पाणी जाऊ देणारी झडप असते, तीही झिजते. आणि बोअरमध्ये गेलेलं औषध थेट भूजलात उतरतं, मध्ये गाळणारी माती आलीच नाही. ठिबकमधून व्हेंचुरीनं खत सोडणाऱ्यांनाही हेच लागू.

उपाय इतका स्वस्त आहे की सांगताना संकोच वाटतो. पाइपचं तोंड ड्रममध्ये बुडवायचं नाही, ड्रमच्या काठाच्या वर वीतभर बांधून ठेवायचं. पाणी हवेतून पडलं पाहिजे. मध्ये हवा आली की उलटी ओढ तुटते. याला शून्य रुपये लागतात. त्याशिवाय मोटारीनंतरच्या पाइपवर एक एनआरव्ही बसवला की दुहेरी बंदोबस्त होतो. आमचा दीड इंची बसवून हजार रुपयांच्या आत काम झालं. आणि ड्रम भरताना तिथून हलायचं नाही, विडी ओढायलाही नाही.

पुढचा मुद्दा मोकळ्या बाटल्यांचा. एक लिटरची बाटली आपण रिकामी म्हणतो, तेव्हा आतल्या भिंतीला दहा मिलिलिटर औषध चिकटून राहिलंय असं धरू. बाटली साधारण पाऊण लिटर पाण्यानं एकदाच विसळली आणि पाणी ओतून दिलं, तर आत ०.१३ मिलिलिटर उरतं. तेच पाऊण लिटर पाणी तीन वाटे करून, पाव-पाव लिटरनं तीनदा विसळलं, तर उरतं ०.०००६ मिलिलिटरच्याही आत. पाणी तेवढंच, मेहनत एका मिनिटाची जास्त आणि स्वच्छता दोनशेपट. हे गणित मी काकांना कागदावर करून दाखवलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुझी आजी दुधाचं भांडं तीनदाच विसळायची की, आणि ते पाणी म्हशीला घालायची." नेमकी गोष्ट त्यांनी सांगितली. विसळलेलं पाणी टाकायचं नसतं, ते पंपातच ओतायचं असतं. त्यात पैसे देऊन घेतलेलं औषध आहे, ते पिकावर जाऊ दे.

विसळलेल्या बाटलीला भोक पाडून ती निकामी करायची. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत मोकळ्या वेष्टनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे: ती उघड्यावर टाकायची नाहीत, पुन्हा वापरता येणार नाहीत अशी मोडायची, आणि धुवणाचं पाणी हवा-पाणी दूषित होणार नाही अशा रीतीनं हाताळायचं. पुन्हा वापराचा धोका कागदी नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेचं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तपासात अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. आपल्याकडे अजूनही औषधाच्या कॅनमधून डिझेल आणतात, कधी ताकही नेतात. पाच लिटरचा चांगला कॅन फोडायला जीव होत नाही, हे मी समजू शकतो. तरी फोडाच.

एक विसंगती मला नेहमी गमतीची वाटते. टू-फोर-डी मारलेल्या पंपानं चुकून भाजीवर फवारलं तर मिरची, टोमॅटोचे शेंडे वळतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तणनाशकानंतर पंप तीनदा, चारदा, साबण लावून धुतात. पिकाच्या बाबतीत एवढा काटेकोर असलेला माणूस ते धुवण विहिरीच्या काठावर ओतून देतो. मिरचीला जे सोसत नाही, त्याचा काही अंश आपल्या घागरीत येतो.

आता खताकडे येतो, कारण आमच्या घरात या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली. चुलतभावाच्या घरी पाळणा हलायचा होता. गावात नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, त्यामुळे घरात पिण्याला विहिरीचंच पाणी. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना पाणी तपासायच्या पेट्या मिळालेल्या आहेत आणि गावातल्या काही बायकांना त्या वापरायचं शिक्षणही दिलंय. आमच्याकडच्या पेटीला धूळ बसली होती, पण औषधं मुदतीतली होती. नायट्रेटच्या तपासणीत पाणी गुलाबी होतं, जितकं जास्त तितकं गडद. आमचं पाणी ४५ च्या खुणेच्या पलीकडच्या रंगावर गेलं.

लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची भारतीय मर्यादा, आणि तिला सवलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या साधारण वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट या मर्यादेच्या वर होतं. कर्नाटकातल्या नमुन्यांत हे प्रमाण जवळजवळ निम्मं. तेव्हा आमची विहीर काही जगावेगळी नव्हती.

मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळसर पडतात. अमेरिकेत आयोवामधल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली शेतावरच्या विहिरींचं पाणी घालून केलेलं दूध पिणाऱ्या बाळांमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. आपल्या घरांत बाळाचं पाणी उकळून देतात, आणि इथं नेमकं तेच उलटं पडतं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते आणखी दाट होतं. तुरटी, कँडलचा फिल्टर, यूव्हीचा दिवा, कशानंही ते निघत नाही. आरओनं बरंच कमी होतं. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही, हा डॉक्टरांचा सल्ला पाळला तर ही वेळच येत नाही. पण वरचं दूध द्यावं लागलं तर त्याला वापरायचं पाणी तपासलेलंच हवं.

काकांना मी हे सांगितलं, तेव्हा अपेक्षित उत्तर आलं.

"तुझे आजोबा ह्याच विहिरीचं पाणी पिऊन पंच्याऐंशी वर्षं जगले."

"काका, आजोबांच्या वेळी उसाला युरिया किती घालायचे तुम्ही?"

ते जरा थांबले. "शेणखत असायचं. युरिया म्हणजे... ओंजळीनं टाकायचो, खड्याखड्याला. पोती नंतर आली."

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस महाराष्ट्रात आहे, म्हणजे एकरी १०० किलो. त्यातलं दहा टक्के पिकाच्या हाती न लागता खाली गेलं असं धरलं, तर दहा किलो नत्राचं ४४ किलो नायट्रेट होतं आणि ते जवळपास पावणेदहा लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेतं. आमच्यासारख्या साडेबारा विहिरी, एका एकरातून. आमची एक विहीर भरायला पावणेदोन किलो युरिया पुरे. आणि शिफारशीवर थांबणारे किती आहेत, ते सोसायटीत विचारा.

२०१५ पासून देशात सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो. त्यानं नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, एवढंच. जास्त टाकलेलं जास्तच राहतं. हप्ते वाढवून थोडं थोडं देणं, टाकून मातीआड करणं, मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी हात आवरणं आणि खतानंतर पाटानं रान तुंबवून न टाकणं, या चार गोष्टींत खताचे पैसेही वाचतात. शेणखताचा ढीग आणि गोठ्याचं मूत विहिरीपासून लांब हवं, हेही त्यातच आलं. "सेंद्रिय" नत्राचंही शेवटी नायट्रेटच होतं. आमचा उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर होता. रंग गुलाबी व्हायला युरियाइतकाच तोही कारण असणार.

पेटीतून नायट्रेट कळतं, कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं लागतात, आणि नमुना द्यायचा तर कुठलं औषध शोधायचं ते आधी सांगावं लागतं. सामान्य घराला हे दर वर्षी परवडणारं नाही. म्हणूनच कालवायची जागा हलवणं मला तपासणीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आम्ही काय केलं ते थोडक्यात. ड्रम विहिरीपासून सव्वाशे फुटांवर, उताराच्या खालच्या अंगाला आंब्याखाली नेला. शंभर फुटांच्या आत नको, हा साधारण दंडक. पाइप वाढवावा लागला, खर्च तेवढाच. फवारणीआधी एका गुंठ्यावर साधं पाणी मारून मोजलं: चार लिटर लागलं. म्हणजे एकराला १६० लिटर, सोळा लिटरचे दहा पंप. याआधी अंदाजानं दोनशे लिटर कालवायचं आणि उरलेलं "कुठंतरी" जायचं. आता उरतच नाही, आणि पंपाच्या तळाशी राहतं त्यात दहापट पाणी घालून तेही त्याच पिकावर मारून टाकतो. वापरात नसलेली एक बोअर उघडी होती, तिला झाकण घालून भोवती काँक्रीट केलं.

ड्रमखाली काय करायचं, हा प्रश्न उरला होता. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी यासाठी एक खड्डा वापरतात, त्याला बायोबेड म्हणतात. दोनेक फूट खोल खड्डा, तळाला चिकणमातीचा थर, त्यावर पेंढा, पीट आणि माती यांचं मिश्रण, निम्मा पेंढा आणि बाकीचे दोन पाव-पाव, आणि वर गवत. पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशा लाकडातला कठीण भाग मोडणारे रस सोडतात, त्याच रसांनी सांडलेली औषधंही मोडतात. ही कल्पना पुढे बऱ्याच देशांनी आपापल्या मालातून उचलली. आम्ही पीटच्या जागी मुरलेलं कंपोस्ट आणि पेंढा म्हणून भाताचं पिंजर घेतलं, तळाला शेततळ्याचा जाड कागद घातला आणि मिश्रण ओलं करून महिनाभर तसंच ठेवलं. आपल्या पावसात असा खड्डा उघडा ठेवला तर तुंबून वाहील, म्हणून वर चार पत्र्यांचं छप्पर. हे सांडलवंड आणि पंपाच्या धुवणासाठी आहे. औषधाचा उरलेला डबा रिचवायला नव्हे, हे वाटेकऱ्याला दोनदा सांगावं लागलं.

काकांचा पहिला आक्षेप अंतराचा होता, पाठीवर पंप घेऊन सव्वाशे फूट जास्त चालायचं. तो रास्त होता. पण ड्रम रानाच्या मधोमध आल्यानं खालच्या पट्ट्याला तो उलट जवळ पडतो, असं पहिल्या फवारणीनंतर त्यांच्याच लक्षात आलं. काकूंचा आक्षेप छपराच्या पत्र्यांना होता, ते त्यांनी न्हाणीघरासाठी ठेवले होते.

बाळ आता चार महिन्यांचं आहे, मुलगी. घरात आरओ बसवला आहे, बाळंतिणीसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी. शेतात राबणारी माणसं मात्र अजून विहिरीचंच पितात, त्यांच्यासाठी रोज घरून दोन कॅन न्यायचं ठरलंय आणि ते आठवड्यातून चार दिवस होतं. नायट्रेट दर तीन महिन्यांनी तपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. पावसाळ्यानंतर रंग थोडा फिका आला, पण तो पाऊस जास्त झाल्यानं की उकिरडा हलवल्यानं, ते एका वर्षात सांगता येणार नाही.

वरच्या बांधाच्या शेजाऱ्यांचा ड्रम आमच्या विहिरीपासून चाळीस फुटांवर आहे, त्यांच्या हद्दीत आणि उताराच्या वरच्या अंगाला. बांधावरून आमचं त्यांचं पूर्वी एकदा वाजलेलं आहे, त्यामुळे विषय जपून काढावा लागणार. काका म्हणतात, सुगी झाली की जेवायला बोलावू आणि मग बोलू. काकू म्हणतात, तोवर कशाला थांबायचं, त्यांची सूनही आता बाळंतपणाला आलीये, पाण्याची पेटी घेऊन मीच जाते.